वाणाचा तंबू

"निनादराव, तुम्ही पण आडवे व्हा बघू," आतून आवाज आला.

तंबूच्या दारातून माझ्या सासऱ्यांचे फक्त पाय दिसत होते. काळे मोजे, इस्त्रीची पँट. बूट बाहेर एकाशेजारी एक, अगदी शिस्तीत. पुण्यातल्या त्या दुकानात बाकीची गिऱ्हाईकं तंबूच्या कापडाला बाहेरून चिमटीत धरून बघत होती, आणि पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले मधुसूदन सबनीस आत शिरून सरळ झोपले होते.

"बाबा, मला बाहेरूनही कळतंय."

"बाहेरून सगळेच तंबू चांगले दिसतात. या आत."

मी बूट काढले आणि सासऱ्यांच्या शेजारी उताणा पडलो. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. सासऱ्यांच्या इतक्या जवळ मी तोवर फक्त फोटोपुरता उभा राहिलो होतो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ते साल अधिक ज्येष्ठाचं होतं, आणि लग्नानंतरचा आमचा पहिलाच अधिक महिना. जावयाला बोलावून जेवू घालायचं, वाण द्यायचं, अशी पद्धत. बाबांनी फोन करून विचारलं होतं, अंगठी की घड्याळ? मी म्हटलं, तंबू. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग माझ्या आवाजावरून त्यांना कळलं की ही चेष्टा नाही, आणि ते इतके खूश झाले की मलाच संशय यायला हवा होता.

तंबू हवा होता कारण दिवाळीनंतर आम्ही जीप घेऊन निघणार होतो. दापोलीपासून गोकर्णापर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने, वाटेल तिथे मुक्काम करत. मी आणि ऋजुता, दोघंच. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आई-वडील, आत्या आणि परीक्षा देणारा धाकटा भाऊ राहत होते, आणि आमच्या खोलीत घरातला एकमेव धड चालणारा पंखा होता. त्यामुळे दार लोटलं की कुणीतरी उघडायचंच. दीड वर्षात आम्ही एकही भांडण पूर्ण करू शकलो नव्हतो. बाकीचं तर राहूच द्या.

ऋजुतानं निघतानाच मला बजावलं होतं, "दोघांचाच घ्यायचा. नीट ऐक. बाबांना फिरायची भयंकर हौस आहे आणि विचारायचा भयंकर संकोच. तंबूत जागा दिसली की ते म्हणणार काहीच नाहीत, पण जागेकडे बघत बसतील. मग मला राहवणार नाही आणि मी त्यांना चला म्हणेन. जागाच ठेवू नकोस."

थोडक्यात, तंबू जेवढ्या माणसांचा तेवढी माणसं सहलीला, आणि तो निवडायची जबाबदारी माझ्यावर. शिवाय देणारा सासरा. आणि सबनीसांच्या घरात जावई सासऱ्याला नाही म्हणत नाही, सासराही जावयाला नाही म्हणत नाही. दोघंही हसतमुखानं एकमेकांना अडचणीत आणतात.

दुकान चालवणाऱ्या बाई चुणचुणीत होत्या. केस कापलेले, गळ्यात शिट्टी. गाडीने बरंच हिंडलेल्या असाव्यात, कारण एकाही वस्तूचं सरळ कौतुक करत नव्हत्या.

"तीन पर्याय," त्या म्हणाल्या. "जमिनीवरचा तंबू. हलका, कुठेही लागतो. पण वाळूत खुंट्या धरत नाहीत आणि मुंग्यांना पत्ता विचारावा लागत नाही. दुसरा, गाडीतच झोपायचं. सीट पाडायच्या, वर गादी. पण तुमची उंची बघता डोकं गिअरपाशी आणि पाय मागच्या काचेवर. तिसरा, टपावरचा. गाडीच्या डोक्यावर उघडतो, शिडीने चढायचं. खाली साप असो की चिखल, काळजी नाही. पण सकाळी दूध आणायला गाडी काढायची तर आधी बिऱ्हाड आवरा."

"आणि माणसं किती?" बाबांनी विचारलं.

"लेबलवर जाऊ नका, काका. दोन माणसांचा म्हणजे दोन माणसं, सामान बाहेर. तीन माणसांचा म्हणजे दोन माणसं आणि सामान. चार माणसांचा म्हणजे संसार."

"वा," बाबा म्हणाले. "चार माणसांचा दाखवा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. साताऱ्याहून सासूबाई. त्यांचा आवाज मला इतक्या लांबूनही स्पष्ट ऐकू येत होता.

"जाळी आहे का?"

अधिकाच्या वाणाला जाळीदार वस्तू लागते. अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक, ज्याला भोकं आहेत असं काहीतरी. तंबू वाणात बसतो की नाही यावर त्या घरात आठवडाभर खल चालला होता. बाबांनी फोन सरळ दुकानाच्या बाईंच्या हातात दिला.

"आहे ना, काकू. चारी बाजूंनी मच्छरदाणी."

"बारीक आहे ना?"

"डास जात नाही."

"तंबूत राहायचं म्हणजे एकेक खूळच," सासूबाई म्हणाल्या. "पण जाळी असेल तर वाण म्हणून चालेल."

झालं. गाडीत झोपायचा पर्याय तिथेच बाद झाला, सीटला जाळी नसते म्हणून.

टपावरचा चार माणसांचा तंबू उघडला गेला. खरं सांगायचं तर देखणा होता. बाबा शिडी चढून आत गेले, चारी खिडक्यांतून एकेकदा बाहेर डोकावले आणि प्रत्येक खिडकीतून माझ्याकडे बघून हसले. मी आतल्या जागेचा अंदाज घेतला. या भिंतीला ते, त्या भिंतीला मी, मध्ये दोन बायका. रात्रभर सबनीसांचं घोरणं.

"जड होईल, बाबा," मी म्हटलं. "जीप जुनी आहे."

"वजन विचारलंय मी. टप पेलतो."

"शिडी आहे. वर-खाली करायचं..."

"तुमचं वय आहे वर-खाली करायचं."

"दोघांना एवढा मोठा..."

"जावयाला द्यायचं आणि हात आखडता घ्यायचा? लोक काय म्हणतील?"

सगळे मार्ग बंद. ऋजुताचा चेहरा डोळ्यांसमोर आला. घाबरून मी दुकानाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक लहानसा हिरवा तंबू उभा होता, जमिनीवरचा, दोन माणसांचा. "तो काय वाईट आहे, बाबा?"

बाबा शिडी उतरून खाली आले. हिरव्या तंबूकडे बघितलं, मग माझ्याकडे. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परत माझ्याकडे बघितलं.

"हा सुचला तुम्हाला?"

"हो."

"आपणहून?"

"हो, म्हणजे... दोघांना अगदी पुरेल."

"पुरेल," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा जड झाल्यासारखा वाटला. मला वाटलं, रागावले. ते बाईंकडे वळले. "दोन्ही बांधा."

दुकानाबाहेर येऊन मी ऋजुताला फोन लावला.

"दोन?" ती ओरडली. "दोन तंबू? अरे, नुसता चार माणसांचा घेतला असतास तर निदान शिडी चढायला लागते म्हणून आई नको म्हणाली असती. आता मोठ्यात आपण आणि जमिनीवरच्या लहान तंबूत ते. तू त्यांना बंगला बांधून दिलास!"

"मी फक्त बोट दाखवलं."

"बोट दाखवलंस! आमच्या घरात जावयानं बोट दाखवल्यावर काय होतं ते माहीत नाही तुला?"

मोठा तंबू दुकानातूनच जीपच्या टपावर बसवून मिळाला. लहान तंबूची पिशवी मात्र बाबांनी गाडीत ठेवू दिली नाही. मांडीवर घेऊन एसटीने साताऱ्याला गेले. ऋजुताच्या मते हा ठार पुरावा होता.

पुढच्या रविवारी आम्ही साताऱ्याला गेलो. जेवायला पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि आमरस. दोन वाट्या झाल्यावर मी ताटावर हात आडवा धरला तर सासूबाईंनी हाताच्या बाजूने तिसरी वाटी ठेवली. असं जेवल्यावर माणसाला सतरंजी द्यावी. मला अंगणात नेलं.

जीपसमोर रांगोळी काढलेली होती. सासूबाई स्टुलावर उभ्या राहिल्या, तंबूच्या चेनला कुंकू लावलं, निरांजनानं जीपला ओवाळलं, मग मला, मग ऋजुताला. तेहतीस अनारशांचं ताट माझ्या हातात दिलं. शेजारचे लोक कंपाउंडवर कोपर टेकून बघत होते. सासूबाईंनी मच्छरदाणीवरून हात फिरवला आणि "आहे बाई जाळी," असं त्यांना जाहीर करून टाकलं.

"आता उघडून दाखवा," बाबा म्हणाले.

मी तंबू उघडला, शिडी लावली आणि आमरसासकट वर चढलो. आत पालथा पडलो. दारातून डोकं बाहेर काढलं तर तिघंही खाली उभी. ताटातला एक अनारसा मी बरोबर आणला होता, तो तोंडात धरला.

"केवढा ऐसपैस आहे," ऋजुता म्हणाली. आवाज गोड होता, म्हणजे काहीतरी शिजत होतं. "नाही का बाबा? चार जण मावतील."

"मावू देत की."

"एवढी जागा रिकामी घेऊन हिंडायचं म्हणजे..."

"सामान ठेवा."

"सामान जीपमध्ये राहील."

"मग लोळा."

सासूबाई कुंकवाचा करंडा पुसत म्हणाल्या, "मला तर कळतच नाही, चांगलं घर सोडून माणसं तंबूत कशाला जातात."

ऋजुताचा धीर सुटला. "बाबा, सरळच बोलते. आम्हाला दोघांनाच जायचंय. घरात आम्हाला दहा मिनिटं एकत्र बसता येत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण या वेळी दोघंच."

कंपाउंडवरची कोपरंसुद्धा हलली नाहीत.

"मग जा की," बाबा म्हणाले. "आम्ही कुठं येतोय?"

"नाही येत?"

"तुम्ही बोलावाल याचीच आम्हाला धास्ती होती. कुमुदनं तर नकाराची वाक्यं पाठ करून ठेवलीत. गुडघे, देवाची पूजा, कुंड्यांना पाणी."

ऋजुतानं आईकडे बघितलं. सासूबाई करंडा आणखी जोरात पुसू लागल्या.

"मग तो लहान तंबू?" ऋजुतानं विचारलं.

बाबांनी वर माझ्याकडे बघितलं, इतक्या मायेनं की मला अनारसा गिळता येईना. "तो निनादरावांनी आमच्यासाठी सुचवला. दुकानात मी नुसता बघत होतो, घ्यायचं धाडस होत नव्हतं. यांनी आपणहून बोट दाखवलं. दोघांना पुरेल म्हणाले. मी घरी येऊन कुमुदला सांगितलं, पोरानं ओळखलं गं."

तोंडात अनारसा होता, आणि अशा वेळी तोंडात अनारसा असणं किती सोयीचं असतं हे मला तेव्हा कळलं.

"म्हणजे तुम्ही दोघं तंबू घेऊन जाणार? कुठे?" ऋजुता म्हणाली.

"कोयनेच्या वरच्या अंगाला. मग जमलं तर चांदोलीकडून खाली. माझ्या जुन्या मारुतीतून. घाई नाही काही."

"एकटे?"

"दोघं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, अगं तुझे गुडघे! बाबांचं बीपी! जंगलात काही झालं तर फोन लागत नाही तिकडे. या वयात हे काय डोक्यात घेतलंय? तूच तर आत्ता म्हणालीस, घर सोडून माणसं तंबूत कशाला जातात."

"ते मी लोकांसाठी म्हणाले," सासूबाई हळूच म्हणाल्या आणि कंपाउंडकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "लग्न झालं आणि आठवड्यात हे सर्व्हेला गेले. तंबूतच राहायचे. मी म्हटलं, मी पण येते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, चांगल्या घरची सून तंबूत ठेवली तर चारचौघांत तोंड कसं दाखवायचं? हे महिन्यातून एकदा घरी यायचे, कपड्यांना रॉकेलचा वास. घर माणसांनी भरलेलं. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोलायचो, तर मध्येच कुणीतरी पाणी मागायचं. मी पाणी देऊन येईस्तोवर ह्यांना कुणीतरी बाहेर बोलावलेलं असायचं."

"आई, हे तू कधी..."

"मग दिरांची लग्नं, तू, सासूबाईंचं अंथरूण. ह्यांची तंबूची नोकरी संपून ऑफिसची लागली. मला एकदा आत बसायचंय गं. बाकी काही नाही. आतून कसं दिसतं ते बघायचंय."

ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ती हो म्हणेल असं मला वाटलं. पण ती सबनीसांची मुलगी.

"मग आमच्याबरोबर चला!" ती म्हणाली. "हा चौघांचा आहेच की! मी आहे, निनाद आहे, औषधं मी देईन, शिडीला मी धरीन. एकटं नाही जायचं. मी जाऊच देणार नाही."

मला ठसका लागला.

"अहो, बघा कशी करते ही," सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी दोघींकडे बघितलं. मग म्हणाले, "आजचा दिवस जावयाचा. निनादराव सांगतील तसं करू. मी मोडणार नाही, कुमुदही मोडणार नाही. ऋजू, तूही नाही."

तिघांनीही माना वर केल्या. अधिक महिन्यात जावयाला विष्णू मानतात. विष्णू त्या वेळी टपावर पालथा पडला होता आणि त्याच्या हनुवटीला खसखस लागली होती.

ऋजुता डोळ्यांनी मला सांगत होती, चला म्हण. तिची भीती खोटी नव्हती. त्या रानात खरंच काही झालं असतं तर "यानं पाठवलं" असं आयुष्यभर ऐकावं लागलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं. सासूबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. हातातला करंडा लख्ख झाला होता, तरी त्या पुसतच होत्या. मला त्यांची फार कणव आली, आणि थोडी माझीही.

"आई-बाबा आमच्याबरोबर येणार नाहीत," मी म्हटलं.

"निनाद!"

"आणि त्यांच्याबरोबरही कुणी जाणार नाही. मला माझ्या बायकोबरोबर एकट्यानं जायचंय. बाबांना त्यांच्या. आणि ते तर माझ्या कितीतरी आधीपासून थांबलेत."

ऋजुता आत निघून गेली. स्वयंपाकघरात भांडी आदळल्याचा आवाज आला. मी शिडीवरून उतरलो. बाबांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली. "चला, खुंट्या ठोकू," ते म्हणाले.

शेवग्याच्या झाडाखाली आम्ही हिरवा तंबू लावला. मी चुकीच्या नळीत चुकीची काठी घातली, बाबांनी ती काढून बरोबर घातली. शेजारी एव्हाना कंटाळून आत गेले होते. सासूबाई लांब उभ्या राहून बघत होत्या. तंबू उभा राहिला तेव्हा त्यांनी निऱ्या सावरल्या, चपला काढल्या आणि तंबूसमोर येऊन थांबल्या.

"वाकायला लागतं का?"

"वाकायलाच लागतं," बाबा म्हणाले. "मी आधी जातो. हात देतो आतून."

गुडघ्यानं कुरकुर केली, सासूबाई "आई गं" म्हणाल्या, बाबा "हळू, हळू, डोकं सांभाळ" म्हणाले, आणि त्या आत गेल्या. मग चेनचा आवाज आला. खालून वर, पूर्ण.

मी अंगणात एकटाच उरलो. काय करावं ते सुचेना म्हणून मोठ्या तंबूची घडी घालायला लागलो. आतून आधी काहीच ऐकू येत नव्हतं. नंतर बाबांचं हलक्या आवाजातलं बोलणं, आणि मग सासूबाईंचं हसणं. तसं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ऋजुता ट्रे घेऊन बाहेर आली. डोळे लाल, नाक लाल, पण ट्रेमध्ये कप दोनच होते. माझ्याकडे न बघता ती शेवग्याकडे गेली.

"आई, चहा."

हसणं थांबलं.

"बाहेर ठेव," आतून सासूबाई म्हणाल्या.

"गार होईल गं. चेन उघड, आत देते."

"होऊ दे गार. आणि ऋजू, तुम्ही निघा आता. उजेड आहे तोवर पोचाल."

ऋजुता ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मग ती खाली वाकली, आवाज होणार नाही अशा बेतानं तिनं ट्रे तंबूच्या दाराशी ठेवला, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी माझ्याकडे आली.

"चल," ती कुजबुजली. "हळू."